फेरीचे सात मीटर

या, असे अलीकडे सरका. मागे खांबाला टेकून बसलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकली तर खोटी होते. टाळ मांडीवर ठेवा, चहा मागाहून येईलच. एका माणसाची कहाणी सांगतो. त्याने सव्वीस वर्षं रस्ते मोजले, कुणाच्या पैशाला हात लावला नाही, कुठल्या देवाला पाठ दाखवली नाही, आणि तरी एकदा सात मीटर चुकला. कुठे चुकला त्या गावाचं नाव मात्र विचारू नका. तिथे लोकांच्या लेकीसुना नांदतात. सायखेड्याच्या अंगाला हायवेवर असे फाटे पुष्कळ आहेत, त्यातलाच एक समजा.

झुंबरअण्णा सातपूरच्या कॉलनीत राहतात, मुलाजवळ. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. त्या संध्याकाळी एकादशी होती, कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात कीर्तन होतं, आणि कीर्तन उभं राहण्याआधी अण्णा नेहमीसारख्या अकरा प्रदक्षिणा घालत होते. पहिल्या शिफ्टची माणसं आंघोळी करून, कपाळाला बुक्का लावून सतरंजीवर बसत होती, पेटीवाला सूर लावत होता. आठव्या फेरीला अण्णांच्या मनगटावर काहीतरी थरथरलं. पाल पडल्यासारखा त्यांनी हात झटकला. मग ध्यानात आलं, घड्याळ. योगेशने, त्यांच्या मुलाने, महिन्यापूर्वी हे काळं घड्याळ त्यांच्या हाताला बांधलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. काचेवर इवलेसे फटाके फुटत होते आणि खाली आकडा होता. आजचं चालणं पूर्ण. तीन किलोमीटर. अण्णांना आधी हसू आलं. म्हणजे या यंत्राने देवाच्या फेऱ्याही धरल्या! त्याला बिचाऱ्याला काय कळणार, बाजाराचं चालणं कोणतं आणि देवाचं कोणतं. पाय पडला की त्याने मोजायचं. पाय पडला की मोजायचं... आणि ते नवव्या फेरीच्या मध्यावर, मारुतीच्या बरोबर पाठीमागे, उभेच राहिले. मागून येणारी बाई त्यांच्यावर आदळता आदळता राहिली. "अहो काका, सरका की, रस्त्यात काय उभे राहता," ती म्हणाली. अण्णा सरकले. भिंतीला हात लावला तर दगड गार लागला. त्यांना चाक दिसलं होतं. दांड्याच्या टोकाला फिरणारं चाक, मुठीखालचे पांढरे आकडे, आणि ते चाक कशाभोवती तरी वळतंय. त्यांच्याच हातात.

ते साल सतरा. एप्रिल महिना. वरच्या कोर्टाचा निकाल लागला होता. हायवेच्या कडेला गाडी थांबवायची, दारू ढोसायची, तसंच स्टिअरिंगवर बसायचं आणि पुढच्या गावातल्या कुणाच्या तरी घराची धूळधाण करायची, हे थांबावं म्हणून कोर्टाने सांगितलं की हायवेच्या कडेपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही. जिथे वस्ती वीस हजारांच्या आत असेल तिथे दोनशे वीस. झालं, जिल्ह्यात एकच पळापळ. कुणी पुढचं दार बुजवून मागच्या बाजूने काढलं, कुणी साहेबांच्या दारात बसून राहिलं, कुणी नुसतंच शटर ओढलं आणि देवाला नारळ बोलला. आणि अंतरं मोजायला रस्त्याच्या खात्यातली माणसं लागली, त्यांत अण्णा. माणूस ज्या वाटेने येतो-जातो त्या वाटेने मोजा, असं साहेबाने तोंडी सांगितलं. हत्यार म्हणजे मोजणीचं चाक. रस्त्यावरून ढकलत न्यायचं, एक मीटर गेलं की एक आकडा पडतो. त्याचा एकच नियम, तो अण्णांनी हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवला होता: एकदा शून्य केलं की चाक जमिनीवरून उचलायचं नाही. खड्डा येवो, शेण येवो, साप आडवा जावो. उचललं की मोजणी मोडली, परत पहिल्यापासून. एवढ्या वर्षांत हा नियम डोक्यातून निघून हातात गेला होता. चाक धरलं की मूठ आपोआप खाली दाबायची.

फाट्यावर त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. अण्णांनी हायवेच्या कडेला, डांबर संपतं तिथे, चाक टेकवलं, शून्य केलं. बरोबर ललित होता, नवीन लागलेला कारकून, वहीत आकडे मांडायला. तिथून गावात जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर आत रविराजचं परमिट रूम. चार पावलं गेले नाहीत तोच कडुनिंबाच्या सावलीतून आवाज आला.

"ओ सायेब. काय मोजता?"

रस्त्याच्या तोंडाशीच शेंदूर फासलेला म्हसोबा होता, त्याला दगडांचा ओटा, ओट्याला लागून कोवळा कडुनिंब. एक म्हातारा घागरीने निंबाला पाणी घालत होता. डोक्याला मळकं पागोटं, गळ्यात माळ.

"दुकानाचं अंतर, बाबा," अण्णा म्हणाले.

"बंद पडंल का?"

"आकडा काय येतो त्यावर."

"पडू दे बंद. भर दुपारच्या गाड्या झोकांड्या खात निघत्यात तिथून. परवा माझी घागर उडवली एकानं, चेपली पार." म्हाताऱ्याने घागरीचा पोचा दाखवला. "पर असं नगा जाऊ. तोंडावर देव बसलाय आन् तुम्ही त्येच्या म्होरून तसंच चाक हाकीत चालला. उजवं घाला देवाला. एक फेरी घाला, मंग जा. काम नीट हुईल."

ललित हसला. "बाबा, सरकारी काम आहे हे."

"सरकार काय म्हसोबापरीस जुनं हाय व्हय?"

अण्णांना ते बोलणं फार आवडलं. त्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, आणि ओटा नि कडुनिंब उजव्या हाताला ठेवून एक फेरी घातली. तापलेल्या मातीचे चटके बसत होते, हे त्यांना सात-आठ वर्षांनंतर मारुतीच्या मागे उभं असतानाही तळव्यांना जाणवलं. निंबाची सुकी पानं पायाखाली चुरत होती. सगळं आठवत होतं. नव्हतं आठवत ते एवढंच: फेरी घालताना चाक कुठे होतं? उचललं होतं, ओट्याला टेकवून ठेवलं होतं, का बरोबर होतं? पुढचं मात्र लख्ख होतं. गाव लहान, तिथे हद्द दोनशे वीसची, आणि परमिट रूमच्या पायरीशी आकडा पडला होता दोनशे तेवीस. रविराजने टाळीच वाजवली, पेढ्यांना माणूस पिटाळला. अण्णांनी पेढा नाही, साधं पाणीसुद्धा घेतलं नाही. परतताना म्हाताऱ्याने नुसतं मान वर करून पाहिलं, ललितने 'नाही' म्हणून मान हलवली, म्हातारा पुन्हा पाणी घालायला लागला. कचेरीत पुढे आठ दिवस थट्टा चालली. "दोनशे तेवीस! वरचे तीन मीटर कितीला पडले हो अण्णा?" अण्णा आतून जळायचे आणि वरून हसायचे. आपण घोटभर पाणी प्यायलो नाही, हे त्यांनी त्या दिवसांत इतक्यांदा मनाशी म्हटलं होतं की त्या न प्यायलेल्या पाण्याचा त्यांना अभिमानच होऊन बसला. चांगल्या माणसाला असा एखादा अभिमान जपायला मिळाला की तो बाकी काही तपासून पाहत नाही.

आणि मग त्याच सालच्या मार्गशीर्षातली ती बातमी. आतल्या पानावर, चार बोटं जागेत. दुपारी दोनच्या सुमारास परमिट रूममधून निघालेल्या मोटारीने फाट्यावर झाडाला पाणी घालणाऱ्या वृद्धाला उडवलं, वृद्ध जागीच ठार, चालक दारूच्या नशेत. नाव होतं पुंजा लहानू. अण्णांनी चहा पिता पिता वाचली. अरेरे, म्हणाले. त्यांना पागोटं दिसलं, पोचा आलेली घागर दिसली. आणि लगेच दुसरा विचार आला, तो आज त्यांना भाजत होता: आपण तर बरोबर मोजलं होतं. कायद्याचीच रेघ आखूड, त्याला आपण काय करणार? त्यांनी पेपर घडी करून ठेवला होता.

कीर्तन उभं राहिलं. अण्णा नेहमी पुढे बसतात, त्या दिवशी चपलांजवळ बसले. बुवा तरणा होता, आवाज गोड. तो सांगत होता, "अरे, तू देवाच्या किती फेऱ्या घातल्या ते देव मोजत नाही, तू मोजतोस. देवाकडे वहीच नाही!" सभा खुलली, टाळ्या पडल्या. अण्णांनीही सवयीने हात उचलले आणि तसेच धरून ठेवले. देवाकडे वही नाही, खरंय बुवा. वही माझ्याकडे होती. मृदंगाची थाप पडत होती आणि प्रत्येक थापेला त्यांना चाकाचा तो बारीक आवाज ऐकू येत होता, टक, टक, मीटर पडल्याचा. उचललं असेल, असं एक मन म्हणे. एवढी अक्कल नव्हती का तुला? दुसरं म्हणे, अक्कल होती, पण काम अकलेने कुठे करत होतास, हाताने करत होतास. फेरीही हाताने घातलीस, चाकही हातानेच धरलंस. दोन्ही चांगल्याच सवयी. एकमेकींना ओळखत नसलेल्या.

घरी आले तेव्हा योगेश अजून कारखान्यातून आला नव्हता. सून वेदिका पोळ्या लाटत होती. अण्णा जेवणाच्या टेबलापाशी थांबले, उजवी मूठ वळली, पुढे धरली आणि टेबल उजव्या हाताला ठेवून हळूहळू त्याच्याभोवती चालायला लागले. डोळे मिटून. डोक्याला विचारायचं नाही, हाताला विचारायचं. एक फेरी. दुसरी. मूठ कुठेच वर गेली नाही. कोपऱ्यावर वळताना उलट आणखी खाली दाबली गेली, मातीत चाक घसरू नये म्हणून दाबावी तशी.

"अण्णा, काही हरवलंय का?" वेदिकेने विचारलं.

"सापडलं," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

ललित आता त्याच कचेरीत वरच्या जागेवर आहे. त्याला फोन लावला, फेरीच्या वेळी चाक उचललं होतं का विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, मला पण धड आठवत नाही. पण समजा झालं असेल. पुढच्या साली कोर्टानेच ते राज्यांवर सोडलं, बंद झालेली दुकानं बहुतेक उघडली की परत. ते पण उघडलंच असतं."

"पुढच्या साली. हा माणूस डिसेंबरात गेला."

"त्या गाडीवाल्याने दुसरीकडे प्यायली असती."

"मग दुसरीकडे गेला असता. तो फाट्यावर आला तो तिथून, ललित."

"आता काय करणार मग तुम्ही?"

अण्णांनी फोन ठेवला. ताटावर बसले, घास फिरत राहिला. त्यांना सारखं वाटत होतं की सांगायला हवं, आणि सांगायचं म्हटलं तर कोणाला? कोर्टाला? त्या मोटारवाल्याचा निकाल केव्हाच लागून गेला असेल. पुंजाच्या घरी? पण तिथे सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की फेरी घालायला त्यानेच सांगितलं होतं. ज्याला दुकान बंद व्हायला हवं होतं, त्याच्याच शब्दाने ते चालू राहिलं. हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आपल्या मनावरचं ओझं उतरवायचं आणि मेलेल्याच्या खांद्यावर ठेवून यायचं, हा कुठला न्याय. अण्णांनी ठरवलं, आपली चूक सांगायची, त्याचं नाव काढायचं नाही. म्हणजे थोडं खोटं बोलायचं. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच ठरवून.

दुसऱ्या दिवशी निमाणीच्या स्टँडवरून एस.टी. धरली. फाट्यावर उतरले तेव्हा दहा वाजले असतील. कडुनिंब आता चांगला दोन पुरुष उंच झाला होता, म्हसोबाला ताजा शेंदूर होता. अण्णांनी पिशवीतून टेप काढला, चपला काढल्या आणि जशी घातली होती तशीच फेरी मोजली. सात मीटर आणि वर चार बोटं. वजा केलं. दोनशे सोळा भरत नव्हते. ओट्यावर बसले. रस्त्याच्या आतल्या अंगाला परमिट रूमची पाटी उन्हात दिसत होती. आश्चर्य असं की त्यांना रडू आलं नाही. फक्त तहान लागली, त्या दिवशी न प्यायलेल्या पाण्याची असावी तशी.

"कोण हो? देवाचं काय मोजता?"

पाण्याची कळशी घेऊन एक बाई आली होती. सत्तरीची, काटक, पदर खोचलेला. मालनबाई, पुंजाची बायको; निंबाचं पाणी आता तिच्याकडे होतं. अण्णांनी आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि मग खाली बघत सगळं सांगितलं: चाक, फेरी, सात मीटर. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे बाई. माझ्या मनात आलं, देव दिसला, मी फेरी घातली. चाक उचलायचं भान राहिलं नाही. नाहीतर तेव्हा हे दुकान बंद पडलं असतं."

मालनबाईने कळशी खाली ठेवली. विचारलं, "सात मीटर म्हंजी केवढं वो?"

अण्णांनी ओट्यापासून चालून दाखवलं. दहा पावलं. ती त्या जागेपर्यंत गेली, तिथे उभी राहिली, परत ओट्याकडे बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्याचं माणूस." तिने डोळ्याला पदर लावला नाही. ती चिडली होती, आणि कोणावर चिडावं हे तिला सापडत नव्हतं, हे अण्णांना दिसत होतं. "आन् इतकी वर्सं कुठं झोपला होता तुम्ही?"

"मला कळलंच नाही. काल कळलं."

"काल." ती ओट्याशी आली, कळशीतलं पाणी निंबाच्या बुडाला सोडलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "फेरी घाला म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. माझं मीच."

"भाऊ, खोटं बोलाया येत न्हाई तुम्हाला. शहरातला सरकारी माणूस, उन्हाचा, चप्पल काढून आमच्या म्हसोबाला आपल्या मनानं फेरी घालतोय? कवा बघितलं नाय आमी. ह्यांनीच सांगितलं आसंल. ह्यांची सवयच व्हती ती. इजेचा खांब रवाया आले त्यांना फेरी घालाया लावली, मतं मागाया आले त्यांना लावली. पोलिसाला बी सोडला न्हाई." ती वळली, आणि तिच्या तोंडावर हसू होतं की काय ते अण्णांना कळेना. "हसत आले आसतील त्या दिशी घरी. म्हनले, सरकारला बी आज देवाभोवती फिरवलं. आठवतंय मला."

अण्णांनी टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

"मंग आता काय करणार?" तिने विचारलं.

"अर्ज करतो कचेरीत. मोजणी चुकली होती म्हणून. माझ्या सहीने. त्याने काही होणार नाही बाई, पण कागदावर येईल. त्यांचं नाव मी घालणार नाही त्यात, तुम्ही निश्चिंत राहा."

"का नाय घालणार?" मालनबाई पुढे आली. "घाला. घालाच. भाऊ, आमच्या माणसाचं नाव सरकारच्या कागदात आलं ते मेल्यावरच. पंचनाम्यात मयत, दवाखान्यात मयत, कोर्टात मयत. पुंजा लहानू, मयत. मी अंगठे करून करून ऐकलंय ते. जित्तेपणी ह्यांनी पन्नास वर्सं हा देव राखला, ते कुठं लिवलंय? लिवा, पुंजा लहानू ह्यांनी सांगितलं म्हणून फेरी घातली. लोकं हसू देत."

अण्णांनी तिथेच, ओट्यावर, पिशवीतला कागद मांडीवर घेऊन लिहिलं. मोजणीची तारीख, जागा, चाकाचा आकडा, खरा आकडा. मग लिहिलं की सदर ठिकाणी रस्त्याच्या तोंडाशी देवस्थान असून तेथील राखणदार श्री. पुंजा लहानू यांच्या सांगण्यावरून अर्जदाराने देवास प्रदक्षिणा घातली व चाक उचलण्याचे त्याच्याकडून राहून गेले. चूक सर्वस्वी अर्जदाराची. मोठ्याने वाचून दाखवलं. 'राखणदार' शब्दाशी तिने त्यांना थांबवलं.

"परत वाचा तेवढं."

त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मालनबाईने मान डोलावली, आणि रिकामी कळशी उचलून घराकडे गेली. माफ केलं म्हणाली नाही. अण्णांनी विचारलंही नाही.

अर्ज त्याच दुपारी कचेरीत गेला. ललितने उभ्या उभ्या वाचला, पेनच्या टोपणाने 'प्रदक्षिणा' या शब्दावर दोनदा टकटक केलं आणि विचारलं, "अण्णा, ह्याचं करायचं काय?" अण्णा म्हणाले, "फाइलीला लाव. त्या दिवसाच्या आकड्याच्या वर लाव, खाली नको." ललितने तारखेचा शिक्का मारला.

तो कागद आता कुठल्या तरी कपाटात आहे, धुळीत. कोणी उघडणार नाही. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं, बाबांनो. मला त्यात अण्णांसाठी काही मागायचं नाही, अण्णा अजून देवळात चपलांजवळच बसतात आणि बसू दे त्यांना. मागायचं ते एवढंच: उद्या परवा कुठल्याही हायवेने जाल, स्टिअरिंगवर असाल नाहीतर खिडकीशी, तर एकदा मनात म्हणा, पुंजा लहानू, फाट्यावरच्या म्हसोबाचा राखणदार. म्हणायला ओझं नाही. त्याची एवढी आठवण ठेवा.